अतिविषाची कळी

जांभळी नाक्यावर, भाजीच्या पाट्या संपतात तिथं
आमचं दुकान. फळ्यांवर त्रेसष्ट बरण्या,
चौसष्टावी गल्ल्यामागे, कुलपात.

नाव अतिविष, पण विष नव्हे.
बाळगुटीतला एक वेढा, फार तर दीड.
दात येताना, पोट बिघडल्यावर, ताप अंगात मुरल्यावर
सहाणेवर, आईच्या दुधात.
नव्या आया फोनमध्ये टिपून घेतात:
मुरुडशेंग दोन वेढे, वेखंड अर्धा, हे एकच,
आणि पुसून ठेवा गं, ओली कळी बुरसते.

खरं कसं ओळखायचं, सासऱ्यांनी शिकवलं.
मोडायची. आत खडूसारखी पांढरी हवी.
जिभेवर ठेवायची. नुसती कडू, तर खरी.
जीभ बधिरली तर थुंक, चूळ भर,
पोतं व्यापाऱ्याला परत.
अशी सव्वीस वर्षं मी हिमालय चाखते आहे.
झाड पाहिलेलं नाही.

मंगळवारी कासारवडवलीच्या टॉवरवरचा वॉचमन आला,
रात्रपाळी उतरून, गणवेशातच.
छातीवरच्या पट्टीवर कुंदनसिंग नेगी.
दहा रुपयांचा ओवा मागितला
आणि कुणासाठी तरी उघडलेल्या बरणीत पाहून थांबला.
"अतीस," म्हणाला,
जत्रेत गावचं माणूस दिसावं तसं.

आई खणायची, भादव्यात.
झाडं संपतात त्याच्याही वर, गवतात.
तिथं मोठ्यानं बोलायचं नाही.
एक काढायचं, दोन सोडायची.
आता सोडायलाच नाहीत.

फूल कसं असतं हो?
त्यानं माझं पेन घेतलं, पुडीच्या कागदावर काढलं:
खाली वाकलेलं, निळसर.
शब्द सापडेना. मग खिशातली माकडटोपी
काढून दाखवली. असं.

तोळ्याचा भाव सांगितला तेव्हा हसला.
आईला पाटीभर कळ्यांचे किती मिळत,
ते मात्र सांगितलं नाही. ओवा घेऊन गेला.

संध्याकाळच्या गर्दीत माझ्याच हातानं
त्या कागदाची पुडी बांधली गेली.
वर्तकनगर असेल, कळवा असेल,
कुणीतरी मूल मांडीवर घेऊन ती उलगडली असेल,
कळी सहाणेवर, कागद केरात.

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
मी आठवून आठवून फूल काढायला बसले.
टोपी बरी जमली,
पण खाली आपोआप सासऱ्यांचं नाक आलं.