साडेसातशे डझन

अंबाजोगाई, सरकारी दवाखाना, वॉर्ड नंबर नऊ.
सकाळच्या राउंडला मी केसपेपरवर झोकात लिहिलं :
एमआरआय, ब्रेन.
खाली सही, सहीखाली रेघ.
लोमटे मॅडमनी चष्मा कपाळावर सारला,
"केवढ्याला पडतो रे?"

मला गाठींचे चौदा प्रकार पाठ होते.
भाव ठाऊक नव्हता.

"आपलं मशीन दिवाळीपासून बंद आहे. जा, बाहेर विचारून ये.
फोन नको लावू. चालत जा,
पेशंट जाईल तसा."

एप्रिल. डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
मोंढ्यामागच्या सेंटरात काचेआड गारवा,
सहा हजार. रिपोर्ट उद्या, चारनंतर.
म्हणजे उद्या पुन्हा खेप, म्हणजे सोबतीला कुणी,
म्हणजे त्याचाही रोज बुडणार...
वहीत लिहीत गेलो, पान पुरेना.

परतलो तर हलिमाबी मणियार
खाटेवर मांडी घालून बसलेल्या.
घाटनांदूरच्या बाजारात बांगड्या भरतात.
"सहा हजार?" पेरांवर अंगठा फिरला.
"डझनामागं आठ रुपये सुटतेत.
साडेसातशे डझन झाले की, बाबा.
एवढे हात मी कुठून आणू?"
आणि थोडं थांबून,
"त्या फोटूनं डोकं थांबतंय का?"

मी मॅडमकडं पाहिलं.
मॅडम खाटेच्या कडेला टेकल्या होत्या.
डोळ्यांच्या तळाशी डोकावल्या,
नाकाला बोट लावायला सांगितलं, फरशीच्या रेघेवरून चालवलं.
कधी दुखतं? सांजंला, दिव्यात माप बघताना.
पेटी कुठं असते? डोक्यावर, तीस साल.
चष्मा? "लग्नात बी नव्हता घातला."
वॉर्ड हसला. त्याही.

जाताना मॅडम म्हणाल्या,
उलटी झाली, हात जड पडला, नजर दुहेरी झाली,
तर रात्री दोनला या. तेव्हा पैशाचं मी बघते.

गोष्ट इथंच थांबती तर मी बरा डॉक्टर ठरलो असतो.

पण मला वाचवायचा नाद लागला.
दत्ता शेप, टेम्पोवरचा क्लीनर, वय बत्तीस.
छातीत जळजळतंय म्हणाला.
मी म्हणालो, भजी कमी कर,
आणि दोन रुपयांची गोळी लिहून
दिवसभर स्वतःवर खूश राहिलो.
ईसीजी तर आमच्याकडं फुकट होता.
फुकट.
संध्याकाळी मॅडमनी स्वतः काढला,
पट्टी माझ्यापुढं ठेवली.
"भाव विचारायला सांगितला होता.
घासाघीस करायला नाही."

रात्रीच त्याला लातूरला हलवलं.
पुढं काय झालं, हे मी दीड महिना विचारलं नाही.
जगला तो.
पण ते दीड महिने कुठल्या रकान्यात लिहायचे
मला अजून कळलेलं नाही.

आता पोरं माझ्यामागून राउंडला फिरतात,
झोकात सह्या करतात.
परवा एकीला विचारलं, केवढ्याला पडतो?
फड आडनावाची, परळीकडची, मान वर न करता म्हणाली,
"सात हजार दोनशे, सर. काल जाऊन आले.
आणि नाही केला, तर केवढ्याला?"

माझा हात चष्म्याकडं गेला.
"चल," म्हणालो, "पुन्हा तपासू त्यांना."