शुद्धिपत्र

वाळवंटीचं पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी
याकूब मकानदार छापखान्यात आले. खांद्यावर पोतं.
सोबत नात, सुमय्या, नववीतली.
तीच त्यांना पायऱ्या मोजून सांगत होती.
पोत्यात कुराण, भिजून सुटं सुटं झालेलं.
म्हणाले, “बांधून द्या. हात तेवढे धुऊन घ्या,
आणि पानं जमिनीवर नकोत.”

मी टेबलावर धुतलेली चादर अंथरली,
कोपऱ्याकोपऱ्यांवर शिशाचे जुने खिळे ठेवले,
पंखा हळू केला.
पानांचे आकडे पुरानं पुसून नेले होते.
लिपी मला येत नाही,
उजवीकडून सुरू होते एवढंच ठाऊक.
आता क्रम कसा लावायचा?

सुमय्या पानावरचे पहिले तीन शब्द वाचायची
आणि म्हातारा ते पान संपवायचा,
पुढचं कुठून उघडतं तेही सांगायचा.
तीन दुपारी. सहाशेच्या वर पानं.
एकदाही “थांब, आठवू दे” नाही.
मध्ये चहा आला, वीज गेली,
कोपऱ्यावरचा पदेर पोंपों करत गेला,
म्हातारा जिथं थांबला तिथूनच सुरू.

मी चाळीस वर्षं मुद्रितं तपासली.
देवस्थानांच्या स्मरणिका, पंचायतींचे अहवाल,
एका मास्तरांचे चार कवितासंग्रह.
प्रत्येकाच्या शेवटी चिठ्ठी चिकटवली:
अमुक पान, अमुक ओळ, असे वाचावे.
माझ्या लग्नपत्रिकेत माझंच नाव चुकलं होतं,
आणि ती आमच्याच मशीनवर छापलेली.

तिसऱ्या दुपारी तोंडातून निसटलं,
“देवाचंच, हे कशावरून?”
जीभ चावली. ते हसले.
“लोक पहिल्याच दिवशी विचारतात.”

मग सांगू लागले.
ज्यांच्यावर उतरलं त्यांना अक्षरओळख नव्हती.
तेवीस वर्षं तुकड्यातुकड्यानं आलं,
कधी लढाईत, कधी भर प्रवासात,
तरी आवाज एकाचाच.
त्यात आव्हान आहे, असा एक अध्याय करून आणा,
आणि ते कुणाला, तर शब्दांवर जगणाऱ्या अरबांना.
मी “हं हं” करत होते, पण मनातल्या समासात
माझी पेन्सिल चाललेलीच:
इथं प्रश्नचिन्ह. इथं संदर्भ पाहा.

त्यांना ती ऐकू आली असावी.
“ही मौलवींनी दिलेली कारणं. खरीच आहेत.
माझं आणखी एक आहे.
पैगंबर गावातल्या बड्या माणसांशी बोलत होते.
मध्येच एक आंधळा आला, म्हणाला, मला शिकवा.
त्यांच्या कपाळाला आठी पडली. तोंड फिरवलं.
आता आंधळ्याला आठी दिसणार कुठून?
तिथंच मिटलं असतं.
पण आयत उतरली, त्या आठीवरच.
आणि ज्यांना बोल लागला त्यांनीच
ती लोकांना म्हणून दाखवली.
आजही नमाजात म्हणतात.
बाई, तुम्ही एवढी पुस्तकं केलीत.
स्वतःवरचा ठपका कुणी राहू दिला?”

मला एक आत्मचरित्र आठवलं.
रात्री अकराला लेखकाचा फोन,
“ते वाक्य काढा.”
मी काढलं होतं.
जागा भरायला खाली एक फूल छापलं होतं.

“तो आंधळा नसता,” याकूब म्हणाले,
“तर मी कदाचित नुसता पाठ करणारा राहिलो असतो.”

मी काय मानते ते त्यांनी विचारलं नाही.
सुई ओवली, जुजा शिवल्या,
खळ जरा पातळच झाली होती.
पैसे सुमय्यानं मोजून दिले,
ग्रंथ ओढणीत गुंडाळून छातीशी धरला
आणि निघताना माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

तेव्हा आठवलं.
पहिल्या दिवशी ते गळकं पोतं दारात आलं,
नुकत्या पुसलेल्या लादीवर चिखल ठिबकला
आणि माझं कपाळ आक्रसलं होतं.
म्हाताऱ्याला दिसलं नसणार.

ती मात्र शेजारी उभी होती.