मऊ हद्द, कडक हद्द

पाचव्या दिवशी पाणी येतं आमच्या गल्लीत,
पहाटे साडेतीनला, तासभर.
पिंप, हंडे, बादल्या आणि शेवटी
चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवते मी,
आणि दहा वाजता कॉलेजात येऊन
लोकांना सांगते, साठवू नका.

सर्व्हर एक. माणसं अकराशे बावीस.
पोरांना पाच जीबी, मास्तरांना वीस.
हद्दी दोन असतात, एक मऊ, एक कडक,
भाकरीसारख्या.
मऊ ओलांडली तर सिस्टिम नुसती खाकरते,
सात दिवसांची मुदत देते.
कडक हद्दीला मात्र कुणाचे दात लागत नाहीत.

"मॅडम, फाईल सेव्हच होईना की ओ,
काय करूलालाव तुम्ही?"
पुष्पलता म्याकल, टेक्स्टाईल, तिसरं वर्ष.
मी काहीच करत नाही गं.
तुझ्या घरात तूच बघ:
फायनल, फायनल दोन, फायनल खरंच,
फायनल आईशप्पथ.
ती हसते. तीन पुसते, चौथ्यापाशी थांबते.
असू दे म्हणते, कधी लागलं तर.

हत्तुरे सर अर्ज करतात,
वर्षातून तीनदा, लेटरहेडवर, संशोधनासाठी.
त्या संशोधनात भाचीचं लग्न आहे, चार तासांचं.
मी उघडलेलं नाही. मला नुसतं नाव दिसतं आणि वजन.
कुणाचं किती, एवढंच माझं काम.

मे महिन्यात सर्व्हर रूमचा एसी दोनदा बसला.
बाहेर चव्वेचाळीस, आत डिस्क सत्त्याण्णव टक्के.
मी वजनाने यादी लावली.
सगळ्यात वर:
गड्डम नरसय्या, लॅब अटेंडंट.
वापर एकशे चार जीबी.
हद्द शून्य.

शून्य म्हणजे काही नाही, असं नसतं आमच्यात.
शून्य म्हणजे हद्दच नाही.
कुणी टाकलं असेल ते शून्य?
माझ्या आधीच्या कुणीतरी,
किंवा मीच, एखाद्या दुपारी, जेवायच्या घाईत.
नरसय्यांना कधी इशारा गेला नाही,
सिस्टिम त्यांच्यावर एकदाही खाकरली नाही.
जानेवारीत गेले ते. निरोप समारंभाची शाल
कपाटात तशीच आहे, न्यायला आले नव्हते.

या वेळी मी उघडलं.

जकार्डची पंचकार्डं.
बंद पडलेल्या मिलची, भंगारात किलोने गेलेली,
एकेक स्कॅन केलेली. चाळीस हजारांवर.
काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी भोकं.
भोक आहे, भोक नाही, भोक नाही, आहे.
फोल्डरना नावं: मोर, मोर उलटा,
गालिचा नऊ रंगी, येमुल मास्तरांची वेल.
एका फोल्डरचं नाव नुसतंच: हे कळलं नाही.

मुलगा भिवंडीत असतो. फोन केला.
"आमचे बाबा? कॉम्प्युटरवर?"
थोडा वेळ मागे माग चालल्याचा आवाज.
"हार्ड डिस्क घेऊन येतो रविवारी."
दोन रविवार गेले.

नियम नव्वद दिवसांचा. तो केव्हाच उलटून गेला होता.
शनिवारी सगळे गेल्यावर मी एक ओळ लिहिली,
मालक बदलला.
नरसय्यांचं सगळं माझ्या नावावर.
किल्ली आपल्याच कमरेला असली
की कडक हद्दही ओलांडता येते,
हे पोरांना सांगू नये.

बुधवारी पाणी आलं, थोडं उशिराच.
पिंप भरत होतं, मी पायरीवर बसले होते,
मोबाईल पेटला. मीच लिहिलेलं पत्र,
मीच लावलेल्या वेळेला, माझ्याच नावाने:
आपली जागा मर्यादेपेक्षा जास्त झाली आहे.
कृपया नको असलेल्या फाईल काढून टाका.
उरलेले दिवस: तीन.

तीन दिवसांत पाणी येत नाही.
मी नळ बंद केला, मग पुन्हा थोडा सोडला,
पातेलं राहिलं होतं.