वह्या, नंदगड

नववी ब. निबंध : माझी आई.
भावकू गावड्याच्या दोन पानांत
एकही विरामचिन्ह नाही.

आई पहाटे उठते भाकरी थापते काजूच्या फॅक्टरीत जाते
बिया फोडते तेलानं बोटं काळी होतात घरी येते भाकरी थापते

लाल पेन उघडलं.
उठते, स्वल्पविराम.
थापते, स्वल्पविराम.
पूर्णविरामाला जागा शोधत
पान उलटलं.

‘माझा भाकरी’ लिहिलंय. लिंग चुकलं.
उद्या फळ्यावर पुन्हा एकदा :
तो तवा, ती भाकरी, ते पीठ.
त्याची आई बैलहोंगलची,
तिच्या बोलीत तिघांना मिळून
एकच सर्वनाम पुरतं.

शेवटची ओळ :
रात्री आई विचारते ऊट आयतेनु

इथं अवतरणचिन्हं हवीत.
मीच दिली, दोन्ही बाजूंनी,
गरम ताटली धरावी तशी.
आत प्रश्नचिन्ह.
ते इकडंतिकडं सारखंच असतं.

दहापैकी पाच.
पाचाचे सहा केले.
मग पानाच्या तळाशी पूर्णविराम दिला,
इतका दाबून
की मागच्या कोऱ्या पानावर
तो उमटलाय.