मूळ नाही

नॉरफकमधली ती जुनी धावपट्टी.
युद्धात इथून विमानं उडायची रात्रीची,
आता दोन्ही अंगांना बीटाची शेतं
आणि कडेला पत्र्याची शेड.
शेडमध्ये ती, चार ठोकळ्यांवर,
चाकं काढलेली, पोट उघडं.

विल्फ गॅदरकोल, वय एक्क्याऐंशी.
त्याला बोलावलंय ओळख पटवायला,
शवागारात बोलावतात तसं.

लंडनचा तज्ज्ञ पोरसवदा आहे.
चिखल नको म्हणून बुटांवर पिशव्या चढवतो
आणि विचारतो: यातलं मूळ काय?

खरं बोलणं ही विल्फची जुनी खोड.
इंजिन तिसरं. पहिलं ऑस्ट्रियात फुटलं,
दुसरं उधारीचं होतं, धनी येऊन घेऊन गेला.
नाक दुसऱ्याच गाडीचं.
आणि हा निळा? फारच निळा आहे हा.
आमचा होड्यांचा रंग होता,
नदीकाठच्या होडीवाल्याकडे उरलेले डबे;
ऊन पडलं की हिरव्याकडे झुकायचा.

तज्ज्ञ लिहून घेतो.
लिहिताना किंमत उतरत जाते, ती त्याच्या भुवयांत दिसते.

टापानी राउहाला आला तेव्हा बाविशीचा.
नाव धड उच्चारेपर्यंत आमचा जून उजाडला.
एक बॅग, आणि आईनं फडक्यात बांधून दिलेला
काळा पाव, दगडासारखा;
रोज संध्याकाळी त्यातली एक चकती कापायचा
आमच्याच पत्रा कापायच्या करवतीनं.
गाडी कशी आहे, विचारलं की म्हणायचा: चांगली आहे.
ब्रेकचं पेडल पार तळाला टेकलं, तरी चांगली आहे.
शेवटून दुसरा आला, तरी.

बेल्जियमला पाऊस.
पुढचे एकेक करत गवतात गेले,
हा सहावा आला. एक गुण.
अख्ख्या वर्षाची कमाई तेवढीच.
रात्रभर ट्रक चालवत आम्ही परतलो,
कुणी काही बोललं नाही,
नजर लागेल म्हणून.

सकाळी गाडी धुताना विल्फला दिसलं:
उजव्या गुडघ्याशी गिअरचा लोखंडी कंस,
त्याच्या काठावर वाळलेलं, काळपट.
मार्चपासून घासत असणार.
मार्चपासून चांगली आहे.

बेरिलनं स्वतःची तपकिरी पर्स उसवली,
धाग्याला मेण लावलं,
दाभण घेऊन गाडीत उतरली,
पाय बाहेर, डोकं आत,
विहिरीत पडलेलं भांडं शोधावं तशी.
पोराला कुणी सांगितलं नाही.
पुढच्या शर्यतीला तो बसला, गुडघा टेकवला,
क्षणभर थांबला.
चांगली आहे, म्हणाला,
पण या वेळी विल्फकडे बघून.

पुढं श्रीमंत संघांनी नेला त्याला.
दोनदा जगज्जेता झाला
घडीव, चकचकीत गाड्यांतून,
ज्यांचे कोपरे कुणालाच टोचत नसत.
बेरिल गेली त्या वर्षी फिनलंडहून फुलं आली.
चिठ्ठीत एवढंच:
गुडघा ठीक आहे.

तज्ज्ञ आत बॅटरी मारतो.
मोठ्यानं वाचत लिहितो:
उजवीकडे चामड्याची पट्टी.
मूळ नाही. काढावी.

विल्फ म्हणतो, मी काढतो.
तो पातं मागतो, चष्मा बदलतो.
टाके सतरा.
शेवटचा तिरका; तेव्हा घरात फोन वाजला होता,
आणि बेरिल वैतागली होती, ते आठवतं.
फोन कुणाचा, ते नाही आठवत.

पट्टीखाली लोखंडावर डाग.
तेल असेल, तज्ज्ञ म्हणतो.
असेल, विल्फ म्हणतो.

बाहेर बीटाचा ट्रॅक्टर वाट अडवून उभा आहे.
विल्फ थांबतो, हात कोटाच्या खिशात.
इतकी वर्षं झाली,
चामडं अजून सरळ व्हायला तयार नाही,
वाकलेलंच आहे
एका गुडघ्यापुरतं.