शेगडीवाल्याचा हिवाळा

मे महिना. बडोद्यात चव्वेचाळीस.
कूलरमधलं सकाळचं पाणी संपलेलं,
आणि मी पुसते आहे बर्फ.

थुंकीनं पुसते. हसू नका,
शिकवलेलंच आहे तसं:
काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेला टेकवायचा,
नखाएवढ्या जागेवर फिरवायचा
आणि काडी टाकून द्यायची.
धूळ अशी निघते. वार्निशची पाळी नंतर, स्पिरिटनं.
दिवसाला साठ-सत्तर काड्या.
तोंड कोरडं पडलं की शितोळे माठातलं पाणी आणून देतात
आणि विचारतात, "आज किती वितळलं?"

चित्रकार आर्नुल्फ हेसेलबाख.
फाइलीत त्याच्यावर दीड पान,
समासात मोडीतला एक शेरा,
टाचणी गंजून कागदात उतरलेली.
जन्म कुठल्याशा जर्मन डोंगरगावी, ज्याचं नाव
कारकुनानं तीनदा लिहिलंय, तीन तऱ्हांनी.
बाप शेगड्या बांधायचा. हाही बांधायचा.
आपली हातात उचलायची शेगडी नव्हे,
भिंतीला टेकून छतापर्यंत गेलेली, हिरव्या फरशांची,
जिच्याभोवती अख्खं घर सहा महिने झोपतं.
उन्हाळाभर माती मळायची, धुराडी जोडायची.
बर्फ पडला की घरोघरी विस्तव,
आणि पेटलेल्या शेगडीत कोण हात घालू देणार?
कामच नसायचं.
म्हणून हिवाळा.
लोक म्हणत, थंडीचं वेड आहे त्याला.
वेड कसलं, सुट्टी होती ती.

रंग आखडायचे, म्हणून नळ्या कोटाच्या आत,
पोटाशी धरून चालायचा.
डाव्या हाताची दोन बोटं गेली एका जानेवारीत.
फाइल एवढंच म्हणते: गेली.
उजव्यानं बांधत राहिला, काढत राहिला.
एकोणचाळीस चित्रं, विकली गेली सहा.
त्यातलं हे बोटीतून इथं आलं.
शितोळ्यांचा तर्क असा, की
कुणाला तरी दिवाणखाना गार वाटायला हवा होता.

वार्निश पिवळं पडून इतकी वर्षं
सगळ्यांना ही संध्याकाळ वाटायची.
शाळेच्या सहली यायच्या, बाई सांगायच्या,
"बघा मुलांनो, सूर्यास्त."
आता स्पिरिटच्या काडीखाली
सकाळ निघते आहे.
आणि पांढरा असा नाहीच तिथं कुठे.
जांभळाच्या सालीचा निळा आहे,
तान्ह्या बाळाच्या नखाचा गुलाबी,
आणि राखेचा. राख त्याच्या ओळखीची होती.

परवा डाव्या कोपऱ्यात, फांद्यांच्या मागे
एक छप्पर निघालं. त्यावर धुराडं.
धुराची रेघ, केसाएवढी.
शितोळ्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं,
बराच वेळ. मग म्हणाले,
"म्हणजे घरात कोणीतरी आहे."
तो बाहेर उभा होता, हे मी बोलले नाही.

खाली उजवीकडे मात्र एक ठिगळ आहे.
भोक बुजवलंय कुणीतरी, इथंच, कधीतरी;
पाठीमागून मांजरपाटाचा तुकडा,
त्यावर रावपुऱ्यातल्या दुकानाचा अर्धा शिक्का.
आणि पुढून पांढरा, ठार पांढरा.
बर्फ न पाहिलेल्या माणसाचा पांढरा:
कपाशीचा, मिठाचा, नव्या धोतराचा,
विश्वामित्रीच्या काठी मगरीकडे पाठ करून
उभ्या असलेल्या बगळ्याचा.
नियम सांगतो, काढून टाका.
मीही बर्फ पाहिलेला नाही,
फ्रिजमधला सोडून.

काडी ओली करून हातात धरली.
वाळली. पुन्हा ओली केली.
वीज गेली तेव्हा शितोळे म्हणाले, "बाई, उद्या बघू,"
आणि खिडक्यांवर वाळ्याचे पडदे सोडून
बादली घेऊन पाणी मारायला गेले.