वर्ताळा

चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद तोलली.
पोत्यात हात घालायचा, कोपरापर्यंत पिवळा,
एक हळकुंड काढून मोडायचं.
कट्ट वाजलं तर सुकं.
नुसतं वाकलं, तर मी शेतकऱ्याकडं बघायचो
आणि तो दुसरीकडं.
पाण्यालाही वजन असतं, दोघांना ठाऊक.

आता दुपारी गॅलरीत भिंग घेऊन बसतो,
गुंडीच्या खाण्याचं पोतं वाचत.
पोतं गॅलरीतच. या उंबऱ्याच्या आत
अजून अंडंसुद्धा आलेलं नाही,
आणि पोत्यावर तर आख्खी कोंबडी छापलेली,
शेजारी गाजर, वाटाणा, कोथिंबीर,
जशी काय पंगतच बसलीय.

"मोठ्यानं वाचा की," राजमती आतून म्हणते,
नाकाला पदर लावून.

पहिलं नाव, ताजं चिकन.
यादी वजनाप्रमाणं लावतात म्हणे, जास्त ते आधी,
आणि वजन धरतात वाळवायच्या आधीचं.
मला हसू आलं.
म्हणजे ओली हळद काट्यावर!
किलोतलं पाऊण पाणी उडालं
की ही कोंबडी कितव्या ओळीत जाऊन बसेल?

पुढं मका.
मग मक्याचं ग्लूटेन.
मग तांदूळ, आणि परत मक्याचा कोंडा.
कवठेपिरानचा एक अडत्या एकाच घरचा माल
तीन नावांवर मांडायचा,
वहीत कुठलंच नाव मोठं दिसू नये म्हणून.
तिन्ही पोती एका जागी आणा,
मग सांगा पहिला कोण.

प्रथिनं चोवीस टक्के.
किती ते लिहिलंय. कशातली, ते नाही.

"आणि राख?"
ती उंबऱ्यापर्यंत आली होती.
राख, जास्तीत जास्त आठ टक्के.
"मुक्या जिवाला राख घालत्यात?"

मला उत्तर येईना. डॉक्टर शिरगुप्प्यांना फोन लावला.
ते म्हणाले, घालत नाहीत हो, उरते.
नमुना भट्टीत जाळून बघतात,
हाडातला चुना, क्षार, असलं जे जळत नाही ते.
मी तसंच तिला सांगितलं.
ती बराच वेळ तुळशीच्या कुंडीकडं बघत होती.
"मग आपली किती टक्के भरंल?"

तासगावच्या व्याह्यांनी पाठवलेला बेदाणा
आता फळीवर, झाकणावर वरवंटा.
एवढं गोड, आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष.
हे पोत्यावर कुठंच नाही.
पोत्यावर फक्त आत आहे ते.

मंगळवारी गुंडीला दवाखान्यात काट्यावर उभं केलं.
चौदा किलो सहाशे.
हवी अकरा.
"माप कशानं घालता?" डॉक्टरांनी विचारलं.
"मुठीनं."
ते माझ्या मुठीकडं बघत राहिले.
ती लहान नाही.

घरी येऊन दोघंही गप्प.
मग ती म्हणाली, सकाळची अर्धी भाकरी तिला मीच देते,
दुधात कुस्करून.
मी म्हणालो, संध्याकाळचं बिस्किट माझं.
गुंडी दोघांच्या मध्ये पसरलेली,
कुणाचंच नाव न घेता.

माळ्यावरून नमुन्याचा तराजू काढला.
पितळ चिंचेनं घासलं, साखळीचा गुंता सोडवला.
एका पारड्यात शंभराचं आणि पन्नासाचं वजन,
दुसऱ्यात ते तपकिरी दाणे.
एक मोडून बघितला.
कट्ट.
सुकं आहे, म्हणालो, पाण्याचं भांडं भरून ठेव.

काटा सरळ झाला, डुगडुगला, थांबला.
गुंडी शेपूट न हलवता बघत होती,
दर ठरायची वाट बघणाऱ्या माणसासारखी.
आणि माझं बोट सवयीनं हललं,
दोन दाणे वर पडले.
वर्ताळा.
त्याशिवाय मी कधी काटा सोडला नाही.

राजमतीनं बघितलं.
नाकावरचा पदर सोडून पुढं आली,
चिमटीत एक दाणा उचलला,
कोंबडीचा, स्वतःच्या हातानं,
आणि पोत्यात परत टाकला.

दुसऱ्याला हात लावला नाही.